हॅचच्या वेळी ट्राउट: फ्लाय फिशिंग शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फ्लाय फिशिंग नुकतेच शिकू लागलेल्या माणसाची अशी समजूत असते की पाण्यावर कीटकांची झुंबड उडाली आणि ट्राउट उघडपणे वर येऊन खाऊ लागले, म्हणजे मासा गळाला लागलाच. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते. चहूकडे पाण्यावर वर्तुळे उमटत असतात, आपला फ्लाय मात्र प्रत्येक माशाच्या डोक्यावरून तसाच वाहून जातो, आणि तासाभरात सगळे शांत होते. अन्न कमी असते तेव्हा मासा जे दिसेल ते तपासून पाहतो. अन्नाची रेलचेल झाली की त्याला कशासाठीही वाट वाकडी करावी लागत नाही. तो एका जागी स्थिरावतो, एकाच जातीचे, एकाच आकाराचे आणि बहुधा एकाच अवस्थेतले भक्ष्य टिपू लागतो, आणि बाकी सारे त्याच्या लेखी काडीकचरा ठरते. म्हणून या लेखात फेकीपेक्षा निरीक्षणाला अधिक जागा दिली आहे. वाचकाला आठ-दहा मीटरपर्यंत बऱ्यापैकी सरळ फेक करता येते, असे मी गृहीत धरतो. हॅचच्या, म्हणजे कीटकांच्या अशा झुंबडीच्या वेळी त्याहून लांब फेकण्याची गरज क्वचितच पडते.

शब्दांबद्दल एक खुलासा येथेच केलेला बरा. पिसे, केस आणि दोरा गळावर गुंडाळून केलेल्या कृत्रिम कीटकाला ‘माशी’ म्हणावे, तर एकाच वाक्यात मासा आणि माशी यांचा घोळ होतो. म्हणून ‘फ्लाय’ हाच शब्द मी वापरला आहे.

हॅच म्हणजे काय

ट्राउट ज्या कीटकांवर जगतो त्यांतील बहुतेकांचे आयुष्य पाण्याखाली जाते. मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय आणि मिज हे त्यांचे चार मुख्य गट आहेत. काही महिने, बहुतेकदा वर्षभर आणि काही जातींत तीन-चार वर्षे दगडांखाली, गाळात किंवा पाणवनस्पतींत वाढलेले हे कीटक पंख फुटण्याची वेळ झाली की ठरावीक दिवसांत आणि बहुधा ठरावीक तासांत एकदम पाण्याबाहेर पडतात. या सामूहिक उद्गमाला मासेमार हॅच म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ अंड्यातून बाहेर पडणे असा असला तरी येथे अंड्याचा काहीही संबंध नाही. तो शब्द रूढ झाला, इतकेच. सगळ्यांनी एकाच वेळी वर येण्यात कीटकांचा फायदा असा, की भक्षक कितीही खादाड असले तरी सगळ्यांना खाऊ शकत नाहीत. हे प्रमाण किती मोठे असू शकते याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो: २० जुलै २०१४ रोजी अमेरिकेतील ला क्रॉस या गावाजवळ मिसिसिपी नदीतून निघालेले मेफ्लायचे थवे हवामानाच्या रडारवर पावसासारखे दिसले होते.

चारही गटांची चाल वेगळी असते, आणि त्यांत मेफ्लाय आधी समजून घ्यावा. पाण्याखालच्या अवस्थेत त्याला निम्फ म्हणतात. निम्फ पृष्ठभागाकडे पोहत येतो, पृष्ठभागाच्या पातळ ताणाला चिकटून त्याची कात फाटते आणि तिच्यातून पंख असलेला कीटक बाहेर पडतो. या अर्धवट बाहेर पडलेल्या, अडकलेल्या अवस्थेला इमर्जर म्हणतात. पूर्ण मोकळा होऊन, पंख शिडासारखे उभे धरून पाण्यावर तरंगणारा कीटक म्हणजे डन. तो उडून काठावरच्या झाडाझुडपांवर जातो आणि तेथे पुन्हा एकदा कात टाकतो; पंख फुटल्यावरही कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गट आहे. दुसऱ्या कातीनंतर पारदर्शक, चकचकीत पंखांचा जो कीटक उरतो तो स्पिनर. त्याला खाता येण्याजोगे तोंडच नसते. मीलन करणे, अंडी घालणे आणि मरून पाण्यावर पडणे एवढेच त्याचे काम उरलेले असते, आणि ते काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत आटोपते.

कॅडिसचे पंख घराच्या छपरासारखे उतरते असतात. त्याची अळी आधी कोशात जाते आणि कोशातला कीटक पुढे झपाट्याने वर पोहत येतो. स्टोनफ्लाय सहसा पाण्याच्या पृष्ठभागावर उमलत नाही. त्याचा निम्फ काठाकडे सरपटत येऊन दगडांवर चढतो आणि तेथे कात टाकतो. म्हणून त्याच्या हॅचमध्ये मासे काठाला लागून, लोंबत्या फांद्यांखाली असतात. मिज म्हणजे चिलटांएवढे बारीक कीटक. ते वर्षभर, ऐन हिवाळ्यातही उमलतात, आणि इतर काही नसते तेव्हा ट्राउटला तेच पुरतात.

सामानाविषयी थोडक्यात

नऊ फुटांचा, पाच क्रमांकाच्या लाइनसाठी असलेला रॉड आणि तरंगणारी लाइन एवढ्यावर बहुतेक सगळ्या हॅचमध्ये भागते. रॉड बदलून फारसा फरक पडत नाही. लाइनच्या टोकाचा पारदर्शक निमुळता लीडर आणि त्याला जोडलेला शेवटचा बारीक धागा, म्हणजे टिपेट, यांनी मात्र खूप फरक पडतो. नऊ फुटांचा लीडर घेऊन त्याला दोन ते तीन फूट टिपेट जोडावे. टिपेटची जाडी ‘एक्स’ने मोजतात आणि आकडा वाढला की धागा बारीक होतो: ४ एक्स सुमारे ०.१८ मिलिमीटर, ५ एक्स ०.१५ आणि ६ एक्स ०.१३ मिलिमीटर. गळाच्या क्रमांकाला तीनने भागले की योग्य टिपेटचा अंदाज येतो, म्हणजे १२ क्रमांकाच्या फ्लायला ४ एक्स आणि १८ क्रमांकाला ६ एक्स. गळाचे आकडेही असेच उलटे चालतात; २२ क्रमांकाचा गळ तांदळाच्या दाण्याहूनही छोटा असतो.

याखेरीज ध्रुवीकृत काचांचा चष्मा, पाण्याचा थर्मामीटर, फ्लाय तरंगता ठेवणारे जेल, भिजलेला फ्लाय सुकवणारी पावडर आणि बारीक जाळीची छोटी गाळणी जवळ असावी. गाळणी पाहून लोक हसतात. पण पुढे दिसेल की सगळ्या सामानात तिचाच उपयोग सर्वांत जास्त होतो. पाण्यात उतरायचे असेल तर वेडर्सवर, म्हणजे त्यासाठीच्या जलरोधक पोशाखावर, कमरेचा पट्टा घट्ट बांधावा, म्हणजे पडल्यास आत पाणी भरायला वेळ लागतो. आणि पाय उचलून न टाकता तळाशी घासत सरकवावा. त्या पाण्यासाठी लागणारा परवाना, मासेमारीचा हंगाम आणि काटेरहित (टोकाजवळचा उलटा काटा नसलेल्या) गळाची किंवा मासा सोडून देण्याची सक्ती आहे का, हे आधी पाहून ठेवावे.

वेळ आणि जागा

हॅच कधी होईल हे तारखेपेक्षा पाण्याच्या तापमानावर अधिक अवलंबून असते. सकाळी पोहोचल्याबरोबर आणि पुढे दर तासाला तापमान पाहण्याची सवय लावावी. सुमारे १० ते १८ अंश सेल्सियस या टप्प्यात ट्राउट मोकळेपणाने खातो. पाणी २० अंशांकडे गेले की मासेमारी थांबवावी, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा सोडून दिल्यावरही मरू शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातील नद्यांत सॅमनफ्लाय नावाच्या मोठ्या स्टोनफ्लायचा हॅच नदीच्या खालच्या अंगाला सुरू होतो आणि पाणी तापत जाईल तसा दिवसेंदिवस वरच्या अंगाला सरकत जातो. तेथील मासेमार त्याच्या मागोमाग नदीने वर जातात. आपल्या नदीवर असा हॅच नसला तरी त्यातून घ्यायचे ते घेता येते: आज या वळणावर काही दिसले नाही, तर वर किंवा खाली दोनेक किलोमीटर जाऊन पाहावे.

आकाशाकडेही लक्ष असावे. बेटिस नावाचा ऑलिव्ह रंगाचा छोटा मेफ्लाय ढगाळ, रिमझिम पावसाच्या गार दिवशी सर्वांत चांगला उमलतो. अशा दमट हवेत डनचे पंख उडण्याजोगे व्हायला वेळ लागतो, तो पाण्यावर जास्त वेळ वाहत राहतो आणि तरंगणाऱ्या फ्लायला चांगली संधी मिळते. कोरड्या, उन्हाच्या दिवशी डन झटकन उडून जातो, म्हणून मासे त्याच्या मागे न लागता वर येणाऱ्या इमर्जरवर भर देतात. सहल म्हणून नदीवर जाणाऱ्याला निरभ्र दिवस आवडतो. मला विचाराल तर मी ढगाळ दिवस निवडीन.

नदीत उभे कोठे राहावे, याचे उत्तर कीटक कोठे वाढतात यावरून मिळते. खळखळत्या, उथळ, दगडगोट्यांच्या भागात पुष्कळ कीटक राहतात. ते उमलत उमलत खाली वाहत येतात आणि खळखळ संपून डोह सुरू होतो तेथे, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर, एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात. पाण्यावरचा फेस कोणत्या रेषेने वाहतो ते पाहावे. फेस आणि कीटक यांना वाहून नेणारा प्रवाह एकच असतो, म्हणून फेसाची रेषा हीच बहुधा अन्नाचीही रेषा असते.

पहिली पंधरा मिनिटे रॉड खाली ठेवा

हा टप्पा नवखे लोक हमखास वगळतात. हॅच सुरू झालेला दिसला की हात थरथरतात आणि डबीतला पहिला हाती येईल तो फ्लाय बांधला जातो. त्याऐवजी काठावर बसावे, शक्यतो झुडपाच्या सावलीत, आणि तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय उठू नये: पाण्यावर काय काय आहे, त्यांपैकी मासे काय खात आहेत, आणि आपण कोणत्या एका माशासाठी फेकणार आहोत.

पहिल्या प्रश्नासाठी गाळणी. ती प्रवाहात अर्धी बुडवून, अर्धी पाण्याबाहेर ठेवून मिनिटभर धरावी, म्हणजे पृष्ठभागावरचे आणि त्याच्या लगेच खालचे असे दोन्ही कीटक सापडतात. हवेत उडणाऱ्या कीटकांवरून निष्कर्ष काढू नयेत. ते काल उमललेले असू शकतात. सापडलेला कीटक तळहातावर घेऊन आधी त्याची लांबी आपल्या फ्लायशी जुळवून पाहावी, मग पंखांची ठेवण, मग पोटाचा रंग. रंग वरून नव्हे, खालून पाहावा, कारण मासा त्याला खालून पाहतो आणि पुष्कळ मेफ्लायची पाठ गडद तर पोट फिके असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गाळणीत नाही. त्यासाठी खाणाऱ्या एका माशाच्या वरच्या अंगाला वाहत येणारा एक डन नजरेने पकडावा आणि तो माशाच्या जागेपर्यंत पोहोचेतो पापणी लवू देऊ नये. तो गिळला गेला, तर मासा डन खातो आहे. तो सुखरूप पुढे निघून गेला आणि त्याच वेळी शेजारी मासा वर आला, तर मासा दुसरेच काही खातो आहे. पाच-सहा डन असे पाहिले की शंका उरत नाही. मोठ्या, ठसठशीत कीटकांच्या गर्दीत अनेकदा एखादा बारीक कीटक त्याहून मोठ्या संख्येने वाहत असतो आणि मासे तोच खात असतात. एकदा मी एक अख्खी संध्याकाळ डोळ्यांत भरणाऱ्या पिवळसर मेफ्लायची नक्कल फेकत काढली. अंधार पडताना गाळणी बुडवली तेव्हा तिच्यात एक पिवळा कीटक होता आणि तिळाएवढे करडे मिज अगणित होते.

वर्तुळे वाचणे

मासा वर येऊन खातो तेव्हा पाण्यावर जी खूण उमटते तीवरून तो कोणती अवस्था खातो आहे हे बरेचसे ठरवता येते. मासा पृष्ठभागावरचा कीटक घेतो तेव्हा त्याच्याबरोबर थोडी हवाही तोंडात जाते आणि ती कल्ल्यांतून बाहेर पडून वर्तुळात एक-दोन बुडबुडे सोडते. बुडबुडा दिसला तर डन किंवा स्पिनर, म्हणजे पाण्यावरचे भक्ष्य. वर्तुळ आहे पण बुडबुडा नाही, पाणी आतून फुगल्यासारखे वर येते, किंवा आधी पाठीचा आणि मग शेपटीचा काळा त्रिकोण दिसतो पण तोंड दिसत नाही, तर मासा पृष्ठभागाच्या बोटभर खाली इमर्जर टिपतो आहे. हॅचच्या सुरुवातीच्या अर्ध्या तासात बहुतेक हीच खूण असते, आणि नवख्या माणसाला ती डन खाल्ल्याची वाटते. माझ्या मते फसलेल्या हॅचचे पहिले कारण हेच.

जोरात शिंतोडे उडवून, कधी पाण्याबाहेर झेपावून खाणे बहुधा कॅडिसकडे बोट दाखवते, कारण त्याचा कोश वेगाने वर येतो आणि मासा पाठलाग करत पृष्ठभाग फोडतो. उलट अगदी हळुवार, चुंबनासारखा आवाज करून उमटलेले छोटे वर्तुळ म्हणजे भक्ष्य पळून जाणार नाही याची माशाला खात्री आहे: मेलेला स्पिनर, अडकून पडलेला इमर्जर किंवा मिज. असे इवलेसे वर्तुळ पाहून छोटा मासा समजू नये. मोठा ट्राउट ताकद वाया घालवत नाही, आणि पुष्कळदा सर्वांत नाजूक वर्तुळ सर्वांत मोठ्या माशाचे निघते.

वर्तुळ उमटले ती माशाची जागा नसते, हेही लक्षात ठेवावे. कीटक येताना दिसला की मासा वर उचलला जातो, त्याच्याबरोबर थोडा मागे वाहत येतो, खातो आणि पुन्हा पोहत आपल्या मूळ जागी जातो; शिवाय वर्तुळ स्वतः प्रवाहाबरोबर खाली सरकत असते. म्हणून फ्लाय वर्तुळावर न टाकता त्याच्या मीटर-दीड मीटर वरच्या अंगाला पडला पाहिजे.

फ्लाय निवडणे

निवडीचा क्रम असा ठेवावा: आधी अवस्था, मग आकार, मग ठेवण, शेवटी रंग. डबीत शेकडो फ्लाय असण्याची गरज नाही. अपेक्षित असलेल्या प्रत्येक कीटकाचे निम्फ, इमर्जर, डन आणि स्पिनर प्रत्येकी दोन-तीन असले तरी पुरतात. बेटिससाठी १८ ते २२, साधारण कॅडिससाठी १४ ते १८, युरोपातील चुनखडीच्या नद्यांवर वसंताच्या शेवटी उमलणाऱ्या मोठ्या मेफ्लायसाठी १० ते १२ आणि सॅमनफ्लायसाठी ४ ते ८ क्रमांकाचे गळ वापरतात. काहीच ओळखता आले नाही, तर पॅराशूट ॲडम्स बांधावा. मूळ ॲडम्स १९२२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात लेन हॅलडे यांनी बांधला; तो कोणत्याही एका कीटकाची नक्कल नाही, आणि म्हणूनच पुष्कळ करड्या मेफ्लायच्या जागी तो चालून जातो. कॅडिससाठी अल ट्रोथ यांचा एल्क हेअर कॅडिस तितकाच भरवशाचा आहे.

मला एकच फ्लाय न्यायला सांगितले, तर मी मागे सुटलेल्या कातीची शेपटी लोंबते आहे आणि शरीर पाण्यात बुडालेले आहे असा इमर्जर नेईन. त्याचे कारण प्रकाशाच्या नियमात आहे. मासा पाण्याखालून वर पाहतो तेव्हा त्याला बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीचा व्यास त्याच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. वीस सेंटिमीटर खोल असलेल्या माशाला जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटरची खिडकी मिळते, आणि तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. पाण्यावर पायांनी उभा असलेला डन त्या आरशात केवळ काही ठिपके पाडतो. शरीर बुडालेला इमर्जर मात्र आरशाखाली लोंबत असल्याने दुरूनच दिसतो. शिवाय अडकलेला कीटक उडून जाऊ शकत नाही, हे मासाही शिकलेला असतो.

हॅच अगदी दाट झाला, म्हणजे एका हातभर पाण्यात दहा-दहा खरे कीटक वाहू लागले, की अचूक नक्कलही गर्दीत हरवते. तेव्हा एक क्रमांक मोठा फ्लाय घ्यावा, किंवा मोडक्या पंखाचा, आडवा पडलेला कीटक दाखवणारा फ्लाय बांधावा. मिजच्या बाबतीत एकमेकांना चिकटून वाहणाऱ्या मिजच्या पुंजक्याची नक्कल म्हणून ग्रिफिथ्स नॅट नावाचा थोडा मोठा फ्लाय चालतो, आणि तो आपल्यालाही दिसतो, ही जास्तीची सोय.

जेलबाबत सावधगिरी: बदकाच्या तेलग्रंथीजवळची, सीडीसी या नावाने विकली जाणारी मऊ पिसे असलेल्या फ्लायला जेल लावू नये. ती पिसे चिकटून बसतात आणि फ्लाय बुडतो. त्यांना कोरडी पावडरच चालते.

जागा घेणे आणि फेकणे

माशाच्या खिडकीबाबत जे वर सांगितले त्यातून जागा घेण्याचाही नियम निघतो. खिडकीच्या कडेला, म्हणजे पाण्याच्या पातळीलगत असलेल्या वस्तू माशाला चेपलेल्या आणि अस्पष्ट दिसतात. म्हणून वाकून, गुडघ्यावर बसून किंवा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून माशाच्या बरेच जवळ जाता येते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, त्यामुळे मागून, किंचित तिरक्या दिशेने गेलेले चांगले. जितके जवळ तितकी हातातून सुटलेली लाइन कमी, आणि जितकी लाइन कमी तितकी ओढ कमी.

ओढ म्हणजे काय, हे नीट समजून घेणे भाग आहे. खरा कीटक प्रवाहाच्या वेगाने, अगदी मोकळा वाहतो. आपला फ्लाय लाइनला बांधलेला असतो, आणि लाइन वेगवेगळ्या गतीच्या पाण्यावर पडलेली असते. मधले पाणी वेगवान असले की ते लाइनला पोट पाडते आणि फ्लाय शेजारच्या फेसापेक्षा जरा वेगाने किंवा तिरका सरकतो. दहा मीटरवरून ही हालचाल आपल्याला दिसतही नाही. पण पाच सेंटिमीटरवरून तिच्याकडे पाहणाऱ्या माशाला ती स्पष्ट दिसते. मासे नाकारू लागले की नवखे लोक फ्लाय बदलत बसतात. आधी ओढ तपासावी, टिपेट फूटभर लांब करावे, एक पाऊल उभी जागा बदलावी, आणि मगच डबी उघडावी.

ओढ टाळण्यासाठी दोन युक्त्या पहिल्या हंगामात पुरतात. पहिली: पुढची फेक थांबवल्यावर, लाइन अजून हवेत असताना, रॉडचे टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकवावे, म्हणजे लाइन वरच्या अंगाला पडते आणि तिला पोट पडायला वेळ लागतो. दुसरी: माशाच्या वरच्या अंगाला, बाजूला उभे राहून फ्लाय त्याच्यापासून दोन मीटर वर टाकावा आणि सैल लाइन हलके हलवत सोडत जावी, यात माशाला लाइनच्या आधी फ्लाय दिसतो. फार चोखंदळ माशांसाठी दुसरी पद्धत उत्तम. मात्र मासा चुकला तर फ्लाय त्याच्या खूप मागे, बाजूला जाईपर्यंत लाइन उचलू नये. कॅडिस हा या नियमाला थोडा अपवाद आहे: तो पाण्यावर फडफडतो, म्हणून मोकळे वाहणे जमले नाही तर फ्लायला एकदाच हलका झटका देऊन पाहायला हरकत नाही.

आता एक मासा निवडावा आणि त्यालाच धरून राहावे. थव्याच्या मधोमध अंदाजाने फ्लाय टाकला की तो कोणाच्याच वाटेत येत नाही. दाट हॅचमध्ये मासा बाजूला वितीएवढाही सरकत नाही. फ्लाय त्याच्या नेमक्या वाटेनेच यावा लागतो. त्याच्या खाण्याला लय असते. दोन वेळा वर येण्यामधले सेकंद मोजावेत. दर सहा सेकंदांनी येत असेल, तर चौथ्या-पाचव्या सेकंदाला फ्लाय त्याच्या वर पोहोचेल असे पाहावे. दहा अचूक फेकींतून एकदा तो लयीत सापडतो, आणि एवढे प्रमाण पुरेसे आहे.

मासा लागल्यावर

मासा दिसताच रॉड झटकणे ही सर्वांची सवय असते आणि तिनेच फ्लाय त्याच्या तोंडातून निसटतो. तोंड मिटून डोके खाली जाईपर्यंत थांबावे, मग रॉड शांतपणे उचलून लाइन ताठ करावी. खालच्या बाजूला फ्लाय सोडला असेल तर आणखी क्षणभर थांबावे, नाहीतर फ्लाय सरळ तोंडातून ओढला जातो. सहा एक्सच्या टिपेटवर पहिल्या धावेला लाइन मोकळी सोडावी. नंतर रॉड आडवा धरून माशाला बाजूला वळवले की तो लवकर थकतो आणि शेजारचे खाणारे मासेही फारसे बिथरत नाहीत.

सोडायचा असेल तर हात ओले करावेत, रबरी जाळीचे हातजाळे वापरावे, मासा पाण्यातच ठेवून काटेरहित गळ चिमट्याने उलटा काढावा आणि तो स्वतःहून पोहून जाईपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरावा. मग फ्लाय धुऊन बुळबुळीतपणा काढावा, कापडात दाबून कोरडा करावा, पावडरीत हलवावा. ओला फ्लाय तसाच फेकण्यात हॅचची सर्वांत मोलाची मिनिटे वाया जातात.

संध्याकाळचे स्पिनर

डन संपले, पाणी शांत झाले, की बरेच लोक सामान आवरतात. त्याच वेळी, गार आणि वारा नसलेल्या संध्याकाळी, खळखळत्या भागावर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर कीटक वरखाली नाचताना दिसले तर थांबावे. ते स्पिनर आहेत आणि अंडी घालून लवकरच पाण्यावर पडतील. ट्रायको नावाच्या इवल्याशा मेफ्लायचे स्पिनर मात्र सकाळी, हवा तापू लागली की पडतात. पंख दोन्ही बाजूंना पसरून चपटे पडलेले स्पिनर दुरून दिसतच नाहीत, आणि मासे कशावर येतात हे कळेनासे होते. तेव्हा पाण्याजवळ डोके नेऊन तिरप्या उजेडात पाहावे, किंवा गाळणी. पंख आडवे बांधलेला तांबूस स्पिनर बहुतेक ठिकाणी चालतो. तो बिलकूल ओढ न लागता वाहिला पाहिजे, कारण मेलेल्या कीटकाकडून मासा कोणत्याही हालचालीची अपेक्षा करत नाही.

अंधार पडण्याआधीच नवे, एक क्रमांक जाड टिपेट आणि ताजा फ्लाय बांधून ठेवावा. नंतर गळाच्या डोळ्यात धागा ओवणे अवघड होते. डोक्यावरचा दिवा पाण्याकडे पाठ करूनच लावावा. फ्लाय दिसेनासा झाला की लाइन सात-आठ मीटरच ठेवावी, फ्लाय साधारण कोठे असेल याचा अंदाज धरून राहावे, आणि त्या जागेच्या आसपास वर्तुळ दिसले किंवा हलका आवाज ऐकू आला की रॉड झटका न देता उचलावा. लाइन रिकामी आली तरी पाणी ढवळले जात नाही आणि तो मासा खात राहतो.